मावळचा आचारी आणि स्पॅनिश भाषा

लोणावळ्याची चिक्की ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळाच. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला, मुंबई-पुण्याची ये-जा वाढली आणि गूळ व शेंगदाणे यांची ही साधी वडी प्रवाशांच्या पिशव्यांतून दूरदूर पोहोचली. मात्र या चिक्कीचा जीव असलेला शेंगदाणा मूळचा मावळचा नव्हे, महाराष्ट्राचा नव्हे आणि भारताचाही नव्हे. त्याची जन्मभूमी दक्षिण अमेरिका. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोक मेक्सिकोत उतरले, तेव्हा तेथील नाहुआत्ल भाषक लोक या दाण्यास ‘त्लाल्काकावात्ल’ म्हणत असत. ‘त्लाल्ली’ म्हणजे भुई आणि ‘काकावात्ल’ म्हणजे कोकोची बी. आपल्या पूर्वजांनी हाच दाणा पाहून त्यास ‘भुईमूग’ असे नाव दिले. एकमेकांची गाठभेट न झालेल्या दोन समाजांनी एकाच रीतीने विचार करून एकाच वस्तूचे बारसे करावे, ही गोष्ट मोठी लक्षणीय होय.

नाहुआत्ल भाषेतील त्या लांबलचक नावावरूनच स्पॅनिश भाषेतील शब्द तयार झाला. मेक्सिकोत त्याचे रूप ‘काकावाते’ असे आहे, तर स्पेनमध्ये ‘काकावेते’ असे. मेक्सिकोत शेंगदाणे आणि पाक यांची जी वडी विकली जाते तिला ‘पालांकेता’ म्हणतात. ती लोणावळ्याच्या दुकानातील काचेच्या बरणीत ठेवली, तर गिऱ्हाईक तिला चिक्की समजूनच विकत घेईल. तेथील गुळास ‘पिलोन्सियो’ असे नाव आहे. कोलंबियात तोच ‘पानेला’ होतो आणि पेरू व चिली या देशांत ‘चांकाका’.

स्पॅनिश ही भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही, हे दाखविण्यासाठी एवढे उदाहरण पुरेसे आहे. पाकशास्त्र हाच ज्यांनी चरितार्थाचा मार्ग म्हणून निवडला आहे, अशा मावळातील व एकंदर महाराष्ट्रातील तरुण-तरुणींना या भाषेचा कोणता उपयोग होऊ शकेल, तो कोणाला होईल आणि कोणाला होणार नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भाताचे खाचर ते हॉटेलचा मुदपाकखाना

पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ असे या तालुक्याचे तीन भाग परंपरेने मानले जातात. पाऊस उदंड, जमीन उताराची आणि खरिपातील भात हेच मुख्य पीक. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ या वाणांच्या संकरातून तयार केलेला ‘इंद्रायणी’ हा वाण १९८७ साली प्रसारित झाला आणि मावळच्या तांदळाला शहरी बाजारपेठेत नाव मिळाले. तथापि भाताचा हंगाम संपला की अनेक घरांतील तरुणांना दुसऱ्या रोजगाराकडे वळावे लागते. लोणावळा, खंडाळा, कार्ला आणि पवना धरणाचा परिसर येथील हॉटेले व विश्रामधामे हा त्यांतील एक प्रमुख रोजगार होय. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यानंतर शनिवार-रविवारच्या पर्यटकांची संख्या वाढत गेली आणि त्याबरोबर मुदपाकखान्यांतील कामही वाढले.

या कामाची पायरी बहुधा ठरलेली असते. प्रथम भांडी आणि भाजी, मग चिरणे-वाटणे, त्यानंतर तंदूर किंवा चुलीवरचे काम, आणि हात बसला की साहाय्यक आचाऱ्याची जागा. येथपर्यंतची वाटचाल अंगमेहनतीने आणि हुशारीने होते. त्यापुढची पायरी मात्र केवळ हाताने चढता येत नाही. मुख्य आचाऱ्याला नवे पदार्थ ठरवावे लागतात, त्यांचे साहित्य मागवावे लागते, खर्चाचा हिशेब मांडावा लागतो आणि हाताखालच्या माणसांना समजावून सांगावे लागते. त्यासाठी वाचन लागते. दुसऱ्याने सांगितलेली कृती करणारा आणि मूळ कृती स्वतः वाचून तिचा अर्थ लावणारा, या दोन आचाऱ्यांच्या वेतनात आणि प्रतिष्ठेत जे अंतर पडते ते येथे पडते.

फ्रेंच भाषेच्या जोडीला

व्यावसायिक स्वयंपाकाची परिभाषा दीर्घकाळ फ्रेंच भाषेने घडविली. ओग्यूस्त एस्कोफिए या फ्रेंच आचाऱ्याचा प्रसिद्ध ग्रंथ १९०३ साली निघाला, आणि त्याने मुदपाकखान्यातील कामाची जी विभागणी रूढ केली तिचीच नावे आजही जगभरच्या हॉटेलांत वापरली जातात. आपल्याकडेही १९५४ साली श्रीमती लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने मुंबईत सुरू झालेल्या संस्थेपासून या विषयाच्या पद्धतशीर शिक्षणाचा पाया घातला गेला. हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना थोडे फ्रेंच शिकविले जाते ते याच कारणास्तव. त्याची आवश्यकता आजही संपलेली नाही.

परंतु गेल्या काही दशकांत जगाच्या पाकशास्त्राचे केंद्र एका ठिकाणी राहिलेले नाही. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केला. लिंबाच्या रसात मुरविलेल्या कच्च्या माशांचा ‘सेविचे’ हा पेरू देशाचा पदार्थ आणि त्याभोवतीची परंपरा यांना २०२३ साली तोच मान मिळाला. जगातील ५० उत्कृष्ट उपाहारगृहांची जी यादी दरवर्षी प्रसिद्ध होते, तिच्यात २०२३ साली लिमा येथील ‘सेंत्राल’, २०२४ साली बार्सेलोनाचे ‘दिस्फ्रुतार’ आणि २०२५ साली पुन्हा लिमा येथील ‘माइदो’ या उपाहारगृहांना पहिला क्रमांक मिळाला. तीनही स्पॅनिश भाषक देशांतील आहेत. स्पेनमधील सान सेबास्तियान या शहरात ‘बास्क कलिनरी सेंटर’ ही पाकशास्त्राला पदवीचे विषयक्षेत्र मानणारी संस्था २००९ साली स्थापन झाली.

स्पॅनिश ही आज २० सार्वभौम राष्ट्रांची राजभाषा आहे. ती मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांची संख्या ५० कोटींच्या घरात आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतही चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात आणि तेथील उपाहारगृहांच्या मुदपाकखान्यांत मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. तेथे जाणारा भारतीय आचारी इंग्रजीवर नोकरी मिळवू शकेल. परंतु शेजारी उभा राहून कांदा चिरणाऱ्या सहकाऱ्याशी बोलायचे झाले तर अनेकदा स्पॅनिशच उपयोगी पडते. प्रवासी जहाजांवरील व्यवहार मुख्यतः इंग्रजीत चालत असला, तरी कॅरिबियन समुद्रातील बंदरे आणि तेथील प्रवासी यांच्याशी संबंध येताच याच भाषेची गाठ पडते.

एक पदार्थ, अनेक नावे

पाककृतीचे भाषांतर मिळत असता मूळ भाषा कशाला शिकावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात सहजच उद्भवेल. त्याचे उत्तर ‘तोर्तिया’ या एका शब्दात सापडते. मेक्सिकोत तोर्तिया म्हणजे मक्याची पातळ भाकरी. स्पेनमध्ये तोर्तिया म्हणजे बटाटे घालून केलेले अंड्याचे जाड धिरडे. दोन्ही पदार्थांचे नाव एक, भाषा एक, आणि पदार्थ मात्र सर्वस्वी भिन्न. कृती कोणत्या देशातील आहे हे ज्याला ओळखता येत नाही, त्याची पहिल्याच ओळीत फसगत होईल.

याच्या उलट, वस्तू एक आणि नावे अनेक, असाही प्रकार विपुल आहे. बटाटा स्पेनमध्ये ‘पाताता’ असतो आणि दक्षिण अमेरिकेत ‘पापा’. ॲव्होकाडो हे फळ मेक्सिकोत ‘आग्वाकाते’ आणि पेरू-चिलीत ‘पाल्ता’. मक्याचे कोवळे कणीस मेक्सिकोत ‘एलोते’ आणि अँडीज पर्वताच्या प्रदेशात ‘चोक्लो’. मिरचीला मेक्सिकोत ‘चिले’ म्हणतात, तर पेरूत ‘आखी’. आपल्याकडे एकाच भाजीला कोकणात एक आणि विदर्भात दुसरे नाव असते, तसेच हे आहे.

नुसत्या नावांपुरता हा प्रश्न मर्यादित नाही. शब्दामागे कृती असते. मेक्सिकोतील तोर्तियासाठी मका सरळ दळत नाहीत. तो प्रथम चुन्याच्या पाण्यात शिजवितात, रात्रभर मुरू देतात, धुऊन साल काढतात आणि मग ओलाच वाटतात. या मक्याला ‘निक्स्तामाल’ आणि वाटलेल्या गोळ्याला ‘मासा’ असे म्हणतात. चुन्यामुळे साल सुटते, गोळ्याला चिकटपणा येतो आणि मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. मका युरोपात गेला, पण ही रीत त्याबरोबर गेली नाही. त्यामुळे केवळ मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा या रोगाचा प्रादुर्भाव झाला. इंग्रजी भाषांतरात ‘मक्याचे पीठ’ एवढेच लिहिलेले असेल, तर आपला आचारी दुकानातील पिवळे पीठ आणील आणि भाकरी का तुटते याचा विचार करीत बसेल.

मावळच्या आचाऱ्याला अधिक जवळचे उदाहरण भाताचे. स्पेनमधील वालेन्सिया प्रांताचा ‘पाएया’ हा भात रुंद, उथळ कढईत करतात. त्यासाठी ‘बोम्बा’ जातीचा आखूड दाण्याचा तांदूळ वापरला जातो. तो पुष्कळ रस्सा शोषून घेतो, तरी त्याचे दाणे सुटे राहतात. रस्सा घातल्यावर भात ढवळावयाचा नसतो. आपला इंद्रायणी तांदूळ सुवासिक खरा, पण शिजल्यावर चिकट होणारा. आखूड दिसतो म्हणून तो बोम्बाच्या जागी जसाच्या तसा वापरता येणार नाही. पाणी आणि आच यांचे प्रमाण बदलून पाहावे लागेल. या भाताच्या तळाशी जो खमंग थर धरतो त्यास वालेन्सियाचे लोक ‘सोकार्रात’ म्हणतात आणि तो मिळावा म्हणून पंगतीत चढाओढ लागते. आपल्या घरी पातेल्याच्या बुडाची खरवड मुले मागून घेतात, तीच ही गोष्ट. खरवड हा शब्द ज्याला ठाऊक आहे, त्याला सोकार्रात शिकविण्यास वेळ लागत नाही.

जेथे शब्दाची चूक परवडत नाही

भाषेच्या अज्ञानामुळे पदार्थ बिघडला तर फार तर ताट परत येईल. परंतु एका बाबतीत चूक प्राणावर बेतू शकते. काही व्यक्तींना शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असते. अल्पसा अंश पोटात गेला तरी त्यांचा श्वास कोंडतो आणि वेळीच उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. या कारणास्तव युरोपीय संघाच्या २०११ च्या ११६९ क्रमांकाच्या नियमाने, १३ डिसेंबर २०१४ पासून, ॲलर्जी निर्माण करणाऱ्या १४ प्रकारच्या पदार्थांची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक केले आहे. उपाहारगृहेही त्यातून सुटलेली नाहीत. भुईमूग, कठीण कवचाची फळे, तीळ, मोहरी, दूध, अंडी, मासे आणि ग्लुटेनयुक्त धान्ये यांचा त्या यादीत समावेश आहे. भारतातही अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या वेष्टनविषयक नियमांनुसार शेंगदाणा व इतर ॲलर्जीकारक घटकांचा उल्लेख करणे आवश्यक आहे.

आता असे समजा की लोणावळ्यात तयार झालेला एखादा आचारी स्पॅनिश भाषक गिऱ्हाइकांच्या उपाहारगृहात काम करीत आहे. शेंगदाण्याचे कूट, शेंगदाण्याची चटणी, शेंगदाण्याचे तेल हे त्याच्या हाताला लहानपणापासून सवयीचे. समोरचे गिऱ्हाईक स्पेनचे असेल तर ते ‘काकावेते’ म्हणेल, मेक्सिकोचे असेल तर ‘काकावाते’, आणि पेरू, अर्जेंटिना किंवा क्यूबाचे असेल तर ‘मानी’. मानी हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून आला असून त्याचा काकावातेशी काहीही संबंध नाही. एक शब्द ठाऊक आणि दुसरा नाही, अशा आचाऱ्याच्या हातून निष्पाप चूक घडू शकते. म्हणून मावळच्या आचाऱ्याने स्पॅनिशचे जे पहिले शब्द शिकावे त्यांत शेंगदाण्याची ही तीनही नावे अग्रक्रमाने असावीत. चिक्कीचा व्यवसाय करणाऱ्या आणि आपला माल परदेशी पाठवू इच्छिणाऱ्या उद्योजकांनाही हेच लागू आहे.

मराठी भाषकाची जमेची बाजू

नवी भाषा म्हटली की ग्रामीण भागातून आलेल्या तरुणाच्या मनात इंग्रजीच्या तासाची धास्ती जागी होते. स्पॅनिशच्या बाबतीत ती बव्हंशी अनाठायी आहे.

पहिली गोष्ट उच्चारांची. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच : आ, ए, इ, ओ, उ. शब्द जसा लिहिलेला असतो तसाच बहुतांशी वाचला जातो. तिचे ‘त’ आणि ‘द’ मराठीप्रमाणेच दंत्य आहेत. इंग्रजी भाषकाला ते साधण्यास श्रम पडतात, आपल्याला पडत नाहीत. लिपी रोमन असल्याने काही नियम तेवढे ध्यानात ठेवावे लागतात. ‘एच’ हे अक्षर लिहिले तरी त्याचा उच्चार होत नाही, ‘जे’चा उच्चार घशातून येणाऱ्या ‘ख’सारखा होतो आणि ‘व्ही’चा ‘ब’कडे झुकतो.

दुसरी गोष्ट वाक्यरचनेची. ‘मला भात आवडतो’ या वाक्यात आवडणारी वस्तू हा कर्ता आणि ज्याला आवडते तो चतुर्थीत, ही रचना इंग्रजीत नाही. स्पॅनिशमध्ये ती जशीच्या तशी आहे : ‘मे गुस्ता एल आर्रोस’. वस्तू अनेक झाल्या की क्रियापदही अनेकवचनी होते. ‘मला शेंगदाणे आवडतात’ हे ‘मे गुस्तान लोस काकावातेस’ असे म्हणावयाचे. इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिश शिकणारे विद्यार्थी येथे अडखळतात. मराठीच्या वाटेने जाणारा सरळ पुढे जातो. तसेच ‘तू’ आणि ‘आपण’ हा भेद स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि ‘उस्तेद’ या रूपांनी आहे आणि त्यांतील पहिला शब्द तर कानाला हुबेहूब आपला वाटतो. चवीच्या बाबतीतही इंग्रजीत ‘हॉट’ हा एकच शब्द गरम व तिखट या दोहोंसाठी वापरून घोटाळा होतो. स्पॅनिशमध्ये गरम म्हणजे ‘कालिएन्ते’ आणि तिखट म्हणजे ‘पिकान्ते’. गिऱ्हाइकाने यांपैकी काय मागितले, याविषयी मराठी आचाऱ्याच्या मनात संदेह राहण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट शब्दांची. आपल्या शर्करेचे अरबीत ‘सुक्कर’ झाले आणि स्पॅनिशमध्ये ‘आसुकार’. आपली नारिंगी तेथे ‘नारांखा’ झाली. उलट दिशेने अमेरिका खंडातील वस्तू आल्या, त्या बहुतेक पोर्तुगीजांच्या हातून. गोवा १५१० साली पोर्तुगीजांकडे गेला आणि वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होती. बटाटा, काजू, अननस आणि पाव ही नावे आपण त्यांच्याकडून घेतली. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी असल्याने पावाचा ‘पान’ होतो हे समजण्यास अवघड जात नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूचे मूळही मेक्सिकोत आहे. तेथे त्यास ‘चिकोसापोते’ असे म्हणतात.

अडचणी मुळीच नाहीत, असे मात्र नव्हे. ‘असणे’ या एका क्रियापदासाठी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे असून त्यांचा भेद सरावानेच कळतो. मराठीत लिंगे तीन, तेथे दोनच. परंतु आपले लिंग तेथे जुळेलच असे नाही. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’, आणि त्यातील ‘र’ घोळवून ‘पेर्रो’ म्हटले की ‘कुत्रा’. क्रियापदांची रूपे पुष्कळ आहेत आणि ती पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

शिकावे कसे?

युरोपीय भाषांच्या अभ्यासाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या मानल्या जातात. आचाऱ्याला साहित्याची पंडिती नको आहे. ए-२ ही पायरी गाठली तर मुदपाकखान्यातील रोजचे संभाषण आणि साधी पाककृती आटोक्यात येते. परदेशी नोकरी, वरिष्ठ जागा किंवा तेथील संस्थेत शिक्षण अशी आकांक्षा असेल तर बी-१ आणि बी-२ या पायऱ्यांचे लक्ष्य ठेवावे.

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत आहे आणि तेथे शिकविल्या जाणाऱ्या भाषांत स्पॅनिशचा समावेश आहे. लोणावळा, कामशेत, वडगाव किंवा तळेगाव येथून निघणाऱ्या विद्यार्थ्याला लोणावळा-पुणे लोकलने शिवाजीनगर स्थानकावर उतरून तेथे जाता येते. प्रवेशापूर्वी चालू वर्षीचे वेळापत्रक व शुल्क यांची चौकशी प्रत्यक्ष करावी. स्पेन सरकारची ‘इन्स्तितुतो सेर्वान्तेस’ ही संस्था नवी दिल्लीत २००९ पासून कार्यरत आहे. ‘देले’ या परीक्षेचे प्रमाणपत्र तिच्यामार्फत मिळते आणि त्यास मुदतीची मर्यादा नाही. ‘सिएले’ या दुसऱ्या परीक्षेचे प्रमाणपत्र पाच वर्षे ग्राह्य धरले जाते.

हॉटेलात पाळीने काम करणाऱ्याला वर्गास जाणे शक्य नसते. त्याने निदान कामाच्या शब्दांपासून आरंभ करावा. सोलणे ‘पेलार’, चिरणे ‘पिकार’, तळणे ‘फ्रेइर’, उकळणे ‘एर्बिर’, भाजणे ‘आसार’, दळणे ‘मोलेर’, भिजविणे ‘रेमोखार’, मळणे ‘आमासार’ : रोज पाच शब्द याप्रमाणे चाळीस दिवसांत दोनशे शब्द होतात. हात जे काम करीत असेल त्याचेच नाव मनात म्हणावे. मग ते विसरत नाही. स्पेनमधील मुदपाकखान्यात मुख्य आचाऱ्याने मागणी पुकारली की बाकीचे ‘ओइदो!’ म्हणजे ‘ऐकले!’ असे उत्तर देतात. ‘कुइदादो’ म्हणजे ‘जपून’ आणि ‘देत्रास’ म्हणजे ‘मागे आहे’. उकळते पातेले घेऊन जाणाऱ्याला हे दोन शब्द वेळेवर सुचणे हे व्याकरणाइतकेच महत्त्वाचे आहे.

सावधगिरीचे दोन शब्द

केवळ भाषा आली म्हणून कोणी आचारी होत नाही. ज्याचा सुरीवर हात बसलेला नाही आणि ज्याला आचेचा अंदाज नाही, त्याने प्रथम ते शिकावे. इंग्रजीचे व्यवहारज्ञान नसेल तर तेही आधी मिळवावे. प्रत्यक्ष लोणावळ्यात स्पॅनिशचा नित्य उपयोग आज मर्यादित आहे, हेही स्पष्ट सांगणे इष्ट होय. तळेगावच्या शेजारी चाकण औद्योगिक पट्ट्यात गेस्टँप, सीआयई ऑटोमोटिव्ह अशा स्पॅनिश मूळ असलेल्या कंपन्यांचे कारखाने आहेत. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी स्थापन केलेल्या लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत परदेशी साधक येतात. त्या निमित्ताने एखाद्या स्पॅनिश भाषक पाहुण्याचे त्याच्या भाषेत स्वागत करण्याची संधी मिळेल. परंतु तेवढ्यावर वेतन वाढणार नाही. ज्याला याच परिसरात पिठले-भाकरीचे किंवा मावळी जेवणाचे स्वतःचे उपाहारगृह चालवावयाचे आहे, त्याने हा वेळ हिशेब आणि अन्नसुरक्षेचे नियम शिकण्यात घालविला तर ते अधिक हिताचे ठरेल. ज्याची दृष्टी मोठ्या हॉटेलांकडे, जहाजांकडे वा परदेशाकडे आहे, त्याच्यासाठी मात्र ही गुंतवणूक आहे.

परदेशी नोकरीच्या बाबतीत दलालांच्या तोंडी आश्वासनांवर विसंबू नये. भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे किंवा नाही, हे ‘ई-मायग्रेट’ या शासकीय संकेतस्थळावर पडताळून पाहता येते. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी आणि करारपत्र हाती आल्याखेरीज घर सोडू नये. येथेही भाषेचा उपयोग आहे. स्पॅनिश भाषक देशातील करारपत्र बहुधा त्या भाषेत असते. कामाचे तास, साप्ताहिक सुटी, राहण्याचा खर्च आणि वेतनातील कपात या चार गोष्टी ज्याला स्वतः वाचता येतात, त्याची फसवणूक करणे कठीण जाते. घरापासून हजारो मैलांवर गेलेल्या मुलाच्या दृष्टीने हा लाभ कोणत्याही पाककृतीपेक्षा मोठा आहे.

शेंगदाणा, मिरची, मका, बटाटा आणि टोमॅटो या परक्या वस्तू आपल्या स्वयंपाकघराने चारशे-पाचशे वर्षांत इतक्या आपल्याशा केल्या की त्यांच्यावाचून मराठी जेवणाची कल्पनाही करवत नाही. ते काम कोणा पंडिताने केले नाही. चुलीपुढे बसलेल्या अनाम माणसांनी नवी वस्तू हातात घेऊन, चाखून, आपल्या पद्धतीने शिजवून ते केले. त्या वस्तूंच्या मायदेशाची भाषा शिकताना मावळच्या तरुणाने तीच वृत्ती ठेवावी. भीती बाळगू नये, घाई करू नये, आणि आपली चूल न सोडता शेजारच्या चुलीवर काय शिजते आहे ते समजून घ्यावे. पुढच्या पायरीवर चढण्यास त्याला या भाषेचा आधार निश्चितच होईल.